घर ट्रस्टमध्ये टाकताय? आधी खालची जमीन कुणाची ते बघा

पत्र: नमस्कार दादा. मी ६१ वर्षांची, मिस्टर ६६ चे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला स्वतःचं घर आहे, आणि रिटायरमेंटनंतर राहायला म्हणून पाम स्प्रिंग्जला एक कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, घेतलाय. कॉन्डो घ्यायच्या आधी वकिलाकडून लिव्हिंग ट्रस्ट करून घेतला होता, जाडजूड फाइल मिळाली, ती कपाटात आहे. परवा कॉन्डोचे कागद चाळताना दिसलं की तिथली जमीन अमेरिकन सरकारकडे ट्रस्टमध्ये आहे आणि आमचं लीज २०६६ ला संपतं. मग आमच्या ट्रस्टचं काय? कॉन्डो मुलींना मिळणार की नाही? आमच्यानंतर सगळं बघायला पुण्याच्या दिरांचं नाव घातलंय, ते चालेल ना? साताऱ्याकडची सासऱ्यांची शेतजमीन पण ह्याच ट्रस्टमध्ये टाकू असं मिस्टर म्हणतात. मी सिटिझन आहे, ते अजून ग्रीन कार्डवर आहेत.

उत्तर:

ताई, आधी जीव शांत करा, कॉन्डो कुठं जात नाहीये. पण पत्र वाचून मला जमिनीपेक्षा त्या कपाटातल्या फाइलची काळजी जास्त वाटली. कॉन्डो ट्रस्टनंतर घेतला म्हणताय, म्हणजे घेताना तो ट्रस्टच्या नावावर घेतला का तुमच्या दोघांच्या, हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि बहुतेक वेळा असं होतं की एस्क्रोच्या, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण करायच्या, धावपळीत कुणाच्या लक्षातच राहत नाही आणि नवरा-बायकोच्या नावावर कागद होऊन जातात. तसं झालं असेल तर कॉन्डो आज तुमच्या ट्रस्टमध्ये नाही. कितीही सह्या केल्या असल्या तरी नाही.

लिव्हिंग ट्रस्ट म्हणजे काय ते दोन ओळीत सांगतो. तुम्ही जिवंत असताना तुमची मालमत्ता स्वतःच्याच ट्रस्टच्या नावावर करता, ट्रस्टीही तुम्हीच, फायदा घेणारेही तुम्हीच, हवं तेव्हा बदला, हवं तेव्हा मोडा. तुम्ही गेलात किंवा स्वतःचे व्यवहार बघण्याच्या स्थितीत राहिला नाहीत की सक्सेसर ट्रस्टी, म्हणजे तुम्ही नेमून ठेवलेला पुढचा ट्रस्टी, पुढे येतो आणि कोर्टात न जाता तुम्ही लिहून ठेवलंय तसं करतो. हे दुसरं कारण लोक विसरतात. पक्षाघात झाला, डिमेन्शिया झाला, तर घर विकायला सही कुणाची? ट्रस्ट नीट असेल तर सक्सेसर ट्रस्टीची, नाहीतर मुलींना कोर्टात जाऊन कॉन्झर्व्हेटरशिप, म्हणजे तुमचे व्यवहार बघायचा अधिकार, मागावी लागते आणि ते प्रकरण खर्चिकही असतं आणि मनस्ताप देणारंही.

पण हे सगळं चालतं ते फक्त ट्रस्टमध्ये खरोखर टाकलेल्या मालमत्तेवर. म्हणून आज एक काम करा, फ्रीमाँटच्या घराचं डीड, म्हणजे मालकीचा कागद, काढा आणि त्यावर मालक म्हणून काय लिहिलंय ते वाचा. तुमची दोघांची नावं आणि पुढे "अमुक तारखेच्या अमुक फॅमिली ट्रस्टचे ट्रस्टी" असं असेल, वर काउंटी रेकॉर्डरचा शिक्का आणि नंबर असेल, तर घर ट्रस्टमध्ये आहे. नुसतीच नावं आणि पुढे "पती-पत्नी" असेल तर नाही. फाइलमध्ये शेवटी मालमत्तेची एक यादी असते, शेड्यूल ए म्हणतात, त्यात घर लिहिलेलं असतं म्हणून लोक निवांत राहतात. कॅलिफोर्नियात १९९३ च्या हेगस्टॅड निकालामुळे नुसत्या यादीत असलेलं घरही कोर्ट ट्रस्टचं धरू शकतं, पण त्यासाठी अर्ज करायला परत कोर्टातच जावं लागतं, आणि तुमचा कॉन्डो तर त्या यादीतही नसणार कारण तो नंतर घेतलाय.

मग होतं काय? तुमच्या फाइलमध्ये पोर-ओव्हर विल नावाचं एक मृत्युपत्र असेल, जे बाहेर राहिलं ते ट्रस्टमध्ये जावं असं सांगणारं. ते काम करतं, पण आधी प्रोबेट कोर्टातून, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेचं बघणाऱ्या कोर्टातून, जाऊन. कॅलिफोर्नियात प्रोबेटची फी कायद्यानेच ठरलेली आहे: पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १ लाखावर ३, त्यापुढच्या ८ लाखांवर २ आणि मग १ टक्का, आणि एवढी वकिलाला, तेवढीच एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यालाही घेता येते. समजा कॉन्डो ४ लाखांचा आहे, तर ११ हजार एकाला, ११ हजार दुसऱ्याला. फ्रीमाँटचं घर १५ लाखांचं धरलं तर २८ हजार अधिक २८ हजार. आणि हे पूर्ण किमतीवर, त्यातून कर्ज वजा होत नाही, म्हणजे १० लाखांचं मॉर्गेज बाकी असलं तरी फी १५ लाखांवरच. १ एप्रिल २०२५ पासून राहत्या घराला साडेसात लाखांपर्यंत एक सोपी पद्धत आलीय, पण तुमचं घर त्याच्या वर जाणार आणि कॉन्डो राहतं घर नाही, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

घर ट्रस्टच्या नावावर करायला लोक दोन कारणांनी घाबरतात. एक, बँक सगळं कर्ज एकदम मागेल. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने राहत्या घराच्या बाबतीत ते करता येत नाही, तुम्हीच ट्रस्टचे लाभार्थी आहात तोवर. दुसरं, प्रॉपर्टी टॅक्स वाढेल. नाही वाढत, स्वतःच्या रिव्होकेबल ट्रस्टला दिलं तर मालकी बदलली असं धरतच नाहीत, फक्त डीडसोबत मालकी-बदलाचा फॉर्म नीट भरून द्यायचा. इन्शुरन्स कंपनीला मात्र कळवा आणि पॉलिसीवर ट्रस्टचं नाव घालून घ्या, हे कित्येक जण करत नाहीत आणि क्लेमच्या वेळी अडकतात. फोर-ओ-वन-के आणि आयआरए ही रिटायरमेंटची खाती ट्रस्टच्या नावावर करायला जाऊ नका हं, ते काढून घेतल्यासारखं होतं आणि टॅक्स बसतो. तिथं फक्त बेनिफिशियरीचं नाव बरोबर आहे ना ते तपासा.

आता पाम स्प्रिंग्ज.

तुमचा ट्रस्ट आणि जमिनीवरचा तो सरकारी ट्रस्ट, ह्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. ती जमीन आगुआ कालिएन्ते बँड ऑफ काविया इंडियन्स ह्या मूळ रहिवाशांची आहे. १८७६ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशाने त्यांचं रिझर्व्हेशन, म्हणजे राखीव प्रदेश, झालं, पण त्याआधीच रेल्वे कंपनीला रुळालगतचे एक-एक चौरस मैलाचे विषम नंबरचे तुकडे देऊन झाले होते, म्हणून जमातीकडे सम नंबरचे आले. नकाशा बघा एकदा, बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो, आणि म्हणूनच तिथं एका रस्त्याच्या अलीकडे पूर्ण मालकीचं घर आणि पलीकडे लीजवरचं घर असं असतं, बाहेरून बघून काहीच फरक कळत नाही. पुढे १८८७ च्या अलॉटमेंट कायद्याच्या धोरणातून अशा जमिनी एकेका व्यक्तीला वाटायच्या ठरल्या. पाम स्प्रिंग्जमध्ये ते वाटप कोर्टकचेऱ्यांत अडकत अडकत १९५९ च्या कायद्याने मार्गी लागलं, आणि त्याच वर्षी ९९ वर्षांपर्यंत लीज द्यायला परवानगी मिळाली. त्यानंतरच तिथं हॉटेलं, कॉन्डो, गोल्फ कोर्स हे सगळं जोरात उभं राहिलं.

ट्रस्टमध्ये जमीन म्हणजे इथं असं की कागदोपत्री मालक अमेरिकन सरकार, पण जमीन आहे जमातीची किंवा जमातीतल्या एखाद्या माणसाची, त्यांना अलॉटी म्हणतात. सरकार ट्रस्टी, ते लाभार्थी. सरकारच्या मंजुरीशिवाय ती जमीन विकता येत नाही, राज्याला जमिनीवर कर लावता येत नाही, आणि त्या अलॉटीलासुद्धा ती तुमच्यासारखी लिव्हिंग ट्रस्टमध्ये टाकून मोकळं होता येत नाही, त्याच्यामागे ती कुणाला जाणार हे अमेरिकन सरकारच्या अंतर्गत विभागाच्या (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर) स्वतंत्र प्रोबेटमध्ये ठरतं, २००४ चा कायदा आहे त्यासाठी. देशभरात अशी जवळपास ५ कोटी ६० लाख एकर जमीन आहे. ह्याला सरकारची मेहेरबानी समजू नका, ती त्यांचीच जमीन आहे, आणि ट्रस्टी म्हणून सरकारने हिशेब नीट ठेवला नाही म्हणून एलुईज कोबेल ह्या ब्लॅकफीट जमातीच्या बाईंनी १९९६ साली दावा लावला तो शेवटी ३.४ अब्ज डॉलरवर मिटला. मला हे सांगावंसं वाटतं कारण तिथं सुट्टीतलं घर घेणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना आपण कुणाच्या जमिनीवर राहतोय हे माहीतच नसतं.

तर तुमच्याकडे काय आहे? जमीन नाही. तुमच्याकडे आहे २०६६ पर्यंत ती जागा वापरायचा हक्क, म्हणजे लीजहोल्ड. कॉन्डोच्या बाबतीत ते साधारण असं असतं की जमीनवाल्याने बिल्डरला मास्टर लीज दिलं, त्याखाली सबलीज, आणि ते सबलीज विकणाऱ्याने तुमच्या नावावर फिरवलं. जमिनीचं भाडं तुम्ही एचओएच्या, म्हणजे कॉन्डोमालकांच्या संघटनेच्या, बिलातून किंवा वेगळं भरत असाल. आणि जमिनीवर कर नाही म्हणून तुम्हाला काउंटीचं बिल येणार नाही असं नाही बरं का, तुमच्या वापराच्या हक्कावर कर लागतो, पझेसरी इंटरेस्ट म्हणून. कोर्टाने तो कर वैध ठरवून कितीतरी वर्षं झाली.

हा लीजहोल्ड तुमच्या ट्रस्टमध्ये टाकता येतो, अगदी येतो. फक्त फ्रीमाँटसारखं ग्रँट डीड करून चालणार नाही, त्याला असाइनमेंट, म्हणजे लीजचा हक्क दुसऱ्याच्या नावावर करणारा कागद, करावं लागतं, आणि इथंच घाई नडते. लीज उघडा आणि असाइनमेंट किंवा ट्रान्सफर असं शीर्षक असलेला भाग शोधा. कुठल्या लीजमध्ये लिहिलेलं असतं की जमीनवाल्याची संमती आणि ब्यूरो ऑफ इंडियन अफेअर्स ह्या मूळ रहिवाशांचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याची मंजुरी दोन्ही हवी, कुठल्या लीजमध्ये स्वतःच्या ट्रस्टला किंवा कुटुंबात द्यायला सूट असते, तर कुठं फक्त कळवलं की झालं. मंजुरी लागत असताना ती न घेता कागद केला तर तो मुळात लागूच न होण्याचा किंवा लीज मोडल्याचा ठपका यायचा धोका असतो. नोंद पण दोन ठिकाणी बघायची, एक रिव्हरसाइड काउंटीत आणि एक ब्यूरोच्या जमीन-नोंदणी कार्यालयात. फ्रीमाँटच्या वकिलाने असं काम कधी केलं नसेल तर त्यात कमीपणा काही नाही, पण मग हे एक काम पाम स्प्रिंग्जकडच्या, लीजच्या जमिनीची सवय असलेल्या वकिलाकडून किंवा मालकीचे कागद तपासणाऱ्या टायटल कंपनीच्या मदतीने करून घ्या. कॉन्डोवर कर्ज असेल तर बँकेला पण आधी लेखी विचारा. वर सांगितलेल्या गार्न-सेंट जर्मेनच्या संरक्षणात तुम्ही तिथं राहता की नाही हा मुद्दा येतो, सुट्टीतल्या किंवा भाड्याने दिलेल्या घराला ते गृहीत धरू नका.

मुलींना कॉन्डो मिळणार का? मिळणार, पण उरलेल्या वर्षांएवढाच. ट्रस्टमध्ये टाकल्याने २०६६ ची तारीख एक दिवसही पुढे जात नाही. आणि खरी अडचण २०६६ च्या खूप आधी येते. बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे ह्या संस्थेच्या नियमाप्रमाणे कर्ज फिटायच्या तारखेनंतर लीज किमान ५ वर्षं शिल्लक असावं लागतं, म्हणजे ३० वर्षांचं कर्ज घेणाऱ्याला ३५ वर्षांचं लीज हवं, म्हणजे तुमच्या कॉन्डोला २०३१ नंतर ३० वर्षांचं कर्ज मिळणं अवघड, मग गिऱ्हाईक कमी, मग भाव कमी. लीज वाढवून घेता येतं आणि पाम स्प्रिंग्जमध्ये एचओए मिळून असे प्रयत्न करतात, पण द्यायचं की नाही आणि किती पैसे घेऊन, हे जमीनवाल्याच्या हातात. एचओएच्या मीटिंगला जात नसाल तर जायला लागा आणि लीज वाढवण्याची बोलणी चालू आहेत का, भाडं पुढच्यांदा कधी आणि कसं वाढणार आहे, लीज संपल्यावर इमारतीचं काय होणार, हे विचारा. कित्येक लीजमध्ये इमारत जमीनवाल्याकडे जाते. मुली दोघी असतील आणि एकीला फ्रीमाँटचं घर, दुसरीला कॉन्डो असं ट्रस्टमध्ये लिहिलं असेल, तर ते आजच बदला. आजच्या किमतीत बरोबरी वाटत असली तरी वीस वर्षांनी ती राहणार नाही आणि बहिणी-बहिणींत वितुष्ट यायला तेवढं पुरतं.

ट्रस्टी कोण असावा ह्याबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. त्याच पाम स्प्रिंग्जमध्ये १९५९ नंतर कोर्टाने अलॉटींच्या जमिनी सांभाळायला गार्डियन आणि कॉन्झर्व्हेटर नेमले, आणि त्यांनी फीच्या नावाखाली त्या लोकांना इतकं लुबाडलं की रिव्हरसाइडच्या प्रेस-एंटरप्राइझ ह्या वर्तमानपत्राने ते उघड केलं आणि १९६८ चं पुलित्झर त्यांना मिळालं. दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणाऱ्यावर हिशेबाचं बंधन नसलं की काय होतं ते तिथं दिसलं. तुमच्या फाइलमध्ये एक वाक्य शोधा, ट्रस्टीने दरवर्षी हिशेब द्यायची गरज नाही अशा अर्थाचं. फॉर्ममध्ये ते सर्रास घातलेलं असतं. काढून टाकायला सांगा.

दिरांचं नाव मात्र बदला. माणूस कितीही चांगला असला तरी. तुम्ही दोघंही नसताना ट्रस्टचे सगळे महत्त्वाचे निर्णय अमेरिकेबाहेरच्या, इथला करदाता नसलेल्या माणसाच्या हातात गेले, तर आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, त्या ट्रस्टला फॉरेन ट्रस्ट धरते, आणि मग मुलींच्या मागे वेगळे फॉर्म, वेगळे नियम आणि चुकलं की जबर दंड. शिवाय रात्री-बेरात्री फोन, नोटरी, लीजचे कागद, हे पुण्यात बसून करायचं म्हणजे त्यांनाही त्रासच. मुलगी सज्ञान असेल तर तिला करा, नाहीतर इथला विश्वासू नातेवाईक, तोही नसेल तर लायसन्स असलेला व्यावसायिक ट्रस्टी. दिरांना वाईट वाटेल असं वाटत असेल तर आधी फोन करून कारण सांगा, ते समजून घेतील.

ग्रीन कार्डबद्दल थोडक्यात. सिटिझन जोडीदाराला कितीही मालमत्ता एस्टेट टॅक्स न लागता जाते, सिटिझन नसलेल्याला तशी अमर्याद सूट नाही, त्यासाठी क्यूडॉट नावाचा वेगळा ट्रस्ट लागतो. २०२६ पासून प्रत्येकाची सूटच दीड कोटी डॉलर आहे, त्यामुळे इथं राहत असाल तोवर तुम्हाला झळ लागायची शक्यता कमी. पण मिस्टर ग्रीन कार्ड सोडून कायमचे भारतात गेले, तर त्यांच्या नावावरच्या इथल्या मालमत्तेला सूट उरते फक्त ६० हजार डॉलरची. परत जायचा विचार मनात असेल तर हे आधी वकिलासमोर ठेवा, तिकीट काढल्यावर नाही.

साताऱ्याची जमीन ह्या ट्रस्टमध्ये टाकायच्या भानगडीत पडू नका. सातबाऱ्यावर कॅलिफोर्नियाच्या ट्रस्टचं नाव चढणं म्हणजे तलाठ्यापासून फेमापर्यंत (भारताचा परकीय चलन कायदा) सगळीकडे अडचण. परदेशस्थ भारतीयाला किंवा ओसीआय कार्डवाल्या परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मिळू शकते, तो मार्ग सरळ आहे तर सरळच ठेवा. सासऱ्यांच्या नावावर अजून असेल तर आधी वारसनोंद करून घ्या, आणि मिस्टरांच्या वाट्याला जे येईल त्याचं वेगळं मृत्युपत्र भारतात करा. एक काळजी घ्या, दोन्हीकडच्या मृत्युपत्रांत "माझी आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" असं ठोक वाक्य असतं, त्यामुळे नंतरचं आधीच्याला मारतं. भारतातल्यात "फक्त भारतातल्या मालमत्तेपुरतं" आणि इथल्यात "भारतातली मालमत्ता सोडून" असं स्पष्ट लिहून घ्या.

क्रम विचाराल तर, ह्या आठवड्यात फ्रीमाँटचं डीड आणि कॉन्डोचं असाइनमेंट, दोन्हीवर नावं काय आहेत ते बघा. मग लीजची पूर्ण प्रत मागवा, मास्टर लीजसकट, एचओएकडे किंवा टायटल कंपनीकडे मिळते. नुसती तुमची दोन पानं पुरणार नाहीत. ती हातात आली की वकिलाची वेळ घ्या, आणि ट्रस्टी बदलायची आणि हिशेबाच्या वाक्याची दुरुस्ती त्याच भेटीत उरकून घ्या. लीजमधला असाइनमेंटचा भाग कळत नसेल तर तेवढी पानं, तुमची नावं आणि युनिट नंबर झाकून, मला पाठवा, मी वाचून वकिलाला काय विचारायचं ते लिहून देतो.